सावलीत वाळणारा दोर

शेजारच्या गॅलरीत आज पुन्हा दोर वाळत होता, सावलीच्या बाजूला. उन्हाने दोर कमजोर होतो, असं निखिल सांगायचा. सह्याद्रीचे कडे चढणारा हा पंचविशीतला मुलगा गेल्या महिन्यात घरी, झोपेतच गेला. हार्ट, म्हणाले डॉक्टर. इतकी वर्षं आम्ही त्या कड्यांना घाबरलो. त्याच्या अंथरुणाची भीती कुणालाच वाटली नाही. आपली भीतीसुद्धा किती अडाणी असते.

मी त्यांच्याकडे गेलो. दोर त्याच्या वडिलांनी धुतला होता.

"अण्णा, आता कशाला?"

दोराचं टोक फरशीवर लोळत होतं. मी पाऊल पुढे टाकलं, तसा त्यांनी माझा दंड धरला.

"दोरावर पाय देऊ नका. माणसाचा जीव असतो त्याच्यावर."