नाक धरलेला वर्ग

सोनपेठच्या पुढं सहा किलोमीटरवरच्या एका शाळेत सुमंगलाबाईंनी एकवीस वर्षं पहिलीच शिकवली. दुसरा वर्ग कधी मागितला नाही. अक्षरं आज ना उद्या येतातच, असं त्या म्हणत. पण चप्पल कुठं काढायची, नळावर रांगेत कसं थांबायचं, लघवीला लागली तर एक बोट वर करून बिनघोर बाहेर कसं जायचं, हे पहिलीतच अंगवळणी पडावं लागतं. जून-जुलै त्यातच जाई. आधी स्वतः करून दाखवायचं, मग पोरांकडून करून घ्यायचं. चुकलं की पुन्हा, न ओरडता.

ऑगस्टात त्यांना पंधरा दिवस परभणीला प्रशिक्षणाला जावं लागलं. तेवढे दिवस पहिली मुख्याध्यापक दिनकररावांनी सांभाळली.

परतल्या दिवशी बाई दारातच थबकल्या. सव्वीस पोरं बसायच्या पट्ट्यांवर ताठ बसलेली, प्रत्येकाच्या ओठावर बोट.

"बघा," मागून दिनकरराव म्हणाले, "तुम्हाला दोन महिन्यांत जमलं नाही ते मी दहा दिवसांत करून दाखवलं. पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुख तपासणीला येणारेत. वर्ग असा दिसायला पाहिजे."

खरं सांगायचं तर बाईंना क्षणभर बरं वाटलं. मग वास आला. मुताचा, शिळा, पट्ट्यांत मुरलेला.

साडेअकराच्या सुमाराला दुसऱ्या रांगेतली दीपिका चुळबुळ करायला लागली. शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या येडबाची ही लेक. तिनं बोट वर केलं नाही. डोळे मोठे झाले आणि पट्टीवर ओल पसरली. बाई खुर्चीतून उठायच्या आत पंचवीस पोरांनी एकदम नाकं धरली आणि एका सुरात म्हटलं, "घाण कोण? दीपिका!"

दीपिका मुकाट्यानं उठली, कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि तिनंही स्वतःचं नाक धरलं.

बाईंनी खिडकीचा गज घट्ट धरला.

"हे कुणी शिकवलं?"

"सरनी," पहिल्या रांगेतली हुशार सृष्टी उत्साहानं म्हणाली. "जेवायच्या सुट्टीपस्तोर कुणी उठायचं न्हाई. ज्यानं पट्टीवर केलं त्याचं नाव घ्यायचं. रोज म्हणायलोत आमी."

खिचडी शिजवणाऱ्या पार्वतीबाईंकडं दीपिकाला सोपवून बाई तडक ऑफिसात गेल्या. दिनकरराव सुपारी कातरत होते.

"अहो, लाज वाटली की पोरं आपोआप दाबून धरतात," ते हसून म्हणाले. "आणि त्या पोरीचं काय घेऊन बसलात? तिला तसाही शेळ्यांचा वास येतो."

"सर, मला तुमची किळस येते."

"तोंड सांभाळा बाई. तुमचा गोपनीय अहवाल मीच लिहितो."

त्या दिवशी बाईंनी पट्ट्या धुऊन वाळत टाकल्या, कपाट सरकवून फरशी फिनेलनं घासली. दुसऱ्या दिवसापासून जूनचा पहिला धडा पुन्हा सुरू केला. स्वतः बोट वर करायचं, बाहेर जायचं, परत यायचं. पोरं हसली, हळूहळू एकेक करून बोट वर करायला लागली. दीपिका मात्र हातच वर करीना.

चौथ्या दिवशी तिची आई सुगंधाबाई आली. "बाई, लेकरू सकाळपासून पाणी पीत न्हाई. म्हणती, आत गेलं की बाहेर येतंय."

बाईंनी तिला बसायला खुर्ची सरकवली.

"वासाचं ती लय मनाला लावून घेती. तुमी पावसाळ्यात तिचं घोंगडं व्हरांड्यात ठिवायला सांगितलं न्हवतं का, तवापासून." सुगंधाबाईच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नुसतं सांगत होती.

बाईंना आठवलं. आपण हसून, गोड आवाजात सांगितलं होतं, बाळा, हे बाहेर ठेव, वर्गात वास येतो. तेव्हाही पोरं ऐकत होती. दिनकररावांची आलेली किळस आता त्यांना स्वतःचीच आली.

त्या दिवसापासून घोंगडं वर्गातल्या खुंटीवर राहायला लागलं. बाई रोज दीपिकाला आपल्याबरोबर नळावर नेत. आधी स्वतः ओंजळभर पीत, मग थांबत.

केंद्रप्रमुख आले तेव्हा वर्गात कलकलाट होता, तीन बोटं वर होती आणि दोन पोरं बाहेर गेली होती. दिनकररावांनी डोळे वटारले तशी काही बोटं घाईनं ओठांवर गेली. झालेला प्रकार बाईंनी सगळ्यांसमोर सांगितला. केंद्रप्रमुखांनी घड्याळ बघितलं. "मिटवून घ्या बाई. शाळेची बदनामी कशाला?" वहीत शेरा पडला: वर्गात शिस्तीचा अभाव.

बाईंनी लेखी तक्रार केली. तिचं काय झालं ते कुणी कळवलं नाही. दीपिका दसऱ्याच्या आसपास पाणी प्यायला लागली, दिवाळीनंतर बोट वर करायला. सृष्टीचा हात मात्र कुणाचं काही सांडलं की अजून नाकाकडं जाई. दहा दिवसांत शिकवलेलं जायला वर्षही पुरलं नाही.

एप्रिलमध्ये दिनकररावांची मागून घेतलेली बदली झाली. शाल, नारळ, "शिस्तप्रिय गुरुजी" म्हणून भाषणं. बाई समारंभाला गेल्या नाहीत, तेव्हा पेढे वर्गात आले. पोरांनी खाल्ले. बाईंनी आपला पेढा खिडकीतून भिरकावला आणि वळून बघितलं, तर सव्वीस पोरं टक लावून बघत होती.

हेही पोरं शिकणार, हे ध्यानात येऊन त्या बाहेर गेल्या, मातीतला पेढा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि हात धुतले. साबण लावून, दोनदा.