सरासरीखालची शाळा

इथे परदेशात, पॅरामॅटाच्या ऑफिसात माझं कामच तुलनेचं आहे. कुठला भाग राज्याच्या सरासरीच्या वर आणि कुठला खाली, याचे तक्ते करायचे. वर असेल त्याला हिरवा रंग, खाली असेल त्याला लाल. वाचतं कोण, कुणास ठाऊक. पण सवय अशी लागलीय की बाजारात टोमॅटो घेतानासुद्धा मी मनात एक ओळ आखते.

तरी लेकीच्या शाळेला ती ओळ लावायचं माझ्या डोक्यात नव्हतं. ते डोक्यात भरलं एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात. वंदना झाली, भाषणं झाली, शिक्षणाबद्दल सगळे कळकळीने बोलले, आणि जेवणाच्या रांगेत नेहमीचा प्रश्न आला, "तुम्ही कुठल्या कॅचमेंटला?" इथे सरकारी शाळेत प्रवेश राहत्या पत्त्यावरून मिळतो, म्हणून कॅचमेंट. आडनावावरून माणूस जोखणाऱ्यांचा आम्हाला जन्माचा राग; पण इथे येऊन आम्ही पत्त्यावरून तेच करतो. मी आमच्या सबर्बचं नाव सांगितलं. समोरची बाई नुसती "अच्छा" म्हणाली. त्या अच्छामधली दया माझ्या जिव्हारी लागली.

दुसऱ्याच रविवारी मी लॅपटॉप उघडून बसले. आमच्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळा, गेल्या काही वर्षांचे परीक्षेचे आकडे, आणि सगळ्यात वर राज्याच्या सरासरीची ओळ. आमची शाळा बहुतेक वर्षं लाल, आणि एक वर्ष तर अगदी गडद लाल. चार स्टेशनं पलीकडच्या सबर्बची शाळा मात्र शेतासारखी हिरवीगार.

नवऱ्याने तक्ता पाहिला आणि म्हणाला, "लेक पाचवीत आहे. हायस्कूलच्या आधी हललेलं बरं." दोन आठवड्यांत त्या हिरव्या कॅचमेंटमध्ये भाड्याचं घरही मिळालं. सोमवारपर्यंत सही करायची होती. लेकीला शेवटी सांगू, असं आमचं ठरलं. ती रडणार हे दोघांनाही माहीत होतं, म्हणूनच.

शनिवारी दुपारी मी तोच तक्ता पुन्हा बघत होते. मनाची खात्री पटवत होते म्हणा ना. लेक टोस्ट खात मागे येऊन उभी राहिली.

"दॅट्स माय स्कूल! व्हाय इज दिस वन सो रेड?"

"त्या वर्षी तिसरीच्या परीक्षेत तुमची शाळा राज्याच्या सरासरीच्या खूप खाली गेली," मी म्हणाले.

तिने वर्ष वाचलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि चक्क खूश झाली. "आई, दॅट वॉज माय इयर! दॅट्स मी!"

मी ते वर्ष पुन्हा वाचलं. तिचंच होतं.

त्या वर्षी आम्हाला इथे येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. लेकीला इंग्रजीत यस मिस, नो मिस आणि टॉयलेट एवढंच येत होतं. तिसरीचा एकच वर्ग, आणि त्यातली निम्मी मुलं तिच्यासारखीच, नुकती कुठून कुठून आलेली. परीक्षेच्या आधी हेडमिस्ट्रेसनी मला बोलावलं. नव्या मुलांना सूट मिळते, तिला बसवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, असं त्या म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं.

कारण ही भाषा मी ओळखत होते. दादा दहावीला होता तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनीही असंच गोड बोलून घरच्यांना बोलावलं होतं. मुलगा कच्चा आहे, शाळेचा निकाल खाली येईल, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. दादा बाहेरून बसला आणि पासही झाला. पण शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक हार घालून लावला होता, आणि त्या शंभरात माझा भाऊ नव्हता. त्या रस्त्याने तो पुन्हा कधी गेला नाही.

म्हणून मी हेडमिस्ट्रेसना तोंडावर विचारलं, तिच्यामुळे तुमचा रिझल्ट खाली येईल म्हणून विचारताय का? त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "नो, नो! तिला टेन्शन येऊ नये म्हणून विचारलं. बसली तर उलट बरं, तिला काय शिकवायचं ते आम्हाला कळेल. शी इज वन ऑफ अवर्स."

लेक परीक्षेला बसली. तिने पेपरावर फुलं काढली. पुढच्या आठवड्यापासून एक टीचर रोज सकाळी अर्धा तास तिला शेजारी बसवून चित्रांची पुस्तकं वाचू लागली, ती पार वर्ष संपेपर्यंत. मी हे दादाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "ही शाळा सोडू नका."

आणि मी ते सगळं एका अच्छापायी विसरले होते. मला माझी लाज वाटली. मुख्याध्यापकांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या, आणि त्यांचाच फलक घरी एक्सेलमध्ये रंगवत बसले होते.

लेक अजून स्क्रीनकडेच बघत होती. ती आता वर्गात सगळ्यात जास्त वाचते, आणि नव्या आलेल्या एका मुलीला रोज मधल्या सुट्टीत वाचून दाखवते. तीच परीक्षा पाचवीतही असते, आणि या वर्षी ती तिला सोपी गेली होती.

"सो दिस इयर आय विल मेक इट ग्रीन," ती म्हणाली. मग टेबलावरचे नव्या घराचे कागद तिला दिसले. पत्ता वाचून तिने माझ्याकडे पाहिलं. टोस्ट हातातच राहिला.

"आई, आर वी लीव्हिंग? नाऊ?"

"नाही," मी म्हणाले, आणि तिच्यासमोरच नव्या घराच्या एजंटला फोन लावला.