नागसेन सरांची पॅरलल लाइन

नागसेन सरांच्या घरात कारागिरानं पाऊल ठेवलं ते घर बांधताना, तेवढंच. त्यानंतर नळ असो, मिक्सर असो की दाराचं कुलूप, सगळ्यांवर सरांनी स्वतःच हात चालवला. माणूस जन्मभर हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेला, पण हातात टेस्टर आला की वर्गात कधी खुलला नसेल असा चेहरा खुलायचा. 'त्यात काय हाय?' हे त्यांचं वाक्य कसबा बावड्यातल्या त्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. एकदा त्यांनी दुरुस्त केलेला पंखा उलटा फिरायला लागला आणि वारा खाली यायचा तो छताला लागू लागला. सरांनी तो तसाच ठेवला, आणि थंडीचे दिवस आहेत, कशाला हवाय वारा, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं.

असा हा माणूस त्या शुक्रवारी टेलिफोनचा सॉकेट खोलून भिंतीशी मांडी घालून बसला होता, पण चेहरा काही खुललेला नव्हता. त्याला कारण श्रुती.

श्रुती सरांची एकुलती एक लेक. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, पण गेलं वर्षभर काम कोल्हापुरात घरी बसून. बायको गेल्यावर सरांच्या घरात बोलायला रेडिओ तेवढा उरला होता. श्रुती आली आणि घराला घरपण आलं. चहात साखर किती यावर रोज वाद व्हायला लागले, आणि सरांना ते वाद फार आवडायचे. पण टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट दगा देऊ लागलं. मीटिंग ऐन रंगात आली की लाइन तुटायची. मोबाईलचं नेट खिडकीशी उभं राहिलं तरच मिळायचं, आणि गल्लीत फायबर यायचं ते रस्त्याच्या कामात अडकलेलं. शेवटी साहेबानं श्रुतीला स्पष्ट सांगितलं, लाइन धड होत नसेल तर सोमवारपासून पुण्यात ऑफिसला या. तिनं रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं.

'जा की, पुणं काय लांब हाय?' असं सर म्हणाले, आणि इतक्या झटकन म्हणाले की श्रुतीला ते थोडं लागलंच. पण आतून तिनं जाऊ नये असंच सरांना वाटत होतं. लेकीला थांब म्हणायचं त्यांच्या जिभेवर येत नव्हतं. लाइन दुरुस्त करणं तेवढं त्यांना येत होतं, निदान त्यांची तशी समजूत होती.

जुन्या सॉकेटमधल्या तारांवर हिरवं कीट चढलेलं होतं. सरांनी ती टोकं कापली, नवी सोलली, नवा सॉकेट बसवला. मोडेमवरचा दिवा स्थिर झाला. श्रुतीची मीटिंग सुरू झाली आणि सरांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. ती थोपटून होते न होते तोच आतून श्रुती म्हणाली, "गेलं परत."

मग संध्याकाळी म्हशीचं ताजं दूध प्यायला माणसं जमतात त्या दूध कट्ट्यावर या विषयाचा खल झाला. एकानं खांबावरच्या पेटीत पाणी शिरलंय म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं मोडेम तापतोय, त्याला वारा घाला म्हटलं. सरांनी पेटी बघितली, ती कोरडी खडखडीत. वारा घालायचा तर पंखा सरांनीच दुरुस्त केलेला. शनिवारी सकाळी श्रुतीची आणखी एक मीटिंग चालू झाली, तेव्हा सर उंच स्टूल मागायला शेजारी आक्कांकडे गेले.

आक्का म्हणजे चिमणाबाई. दोन घरांत भिंत एकच. त्यांचा विजयसिंह फौजेत भरती झाला तेव्हा गल्लीत फोन फक्त सरांकडे होता, आणि त्याचा फोन आला की आक्का पिठाच्या हातानं धावत यायच्या. ते बघून सरांनीच भिंतीला भोक पाडलं आणि आपल्याच लाइनवर त्यांना दुसरा फोन जोडून दिला. अशा जोडणीला पॅरलल म्हणतात. घंटा दोन्ही घरांत वाजायची. ज्याचा फोन नसेल त्यानं मुकाट्यानं खाली ठेवायचा, हा दोन्ही घरांचा रिवाज. मोबाईल आक्कांना कधी जमला नाही, म्हणून विजयसिंह अजून याच नंबरावर फोन करायचा.

सर दारात पोचले तेव्हा आक्कांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला होता. त्याच क्षणी भिंतीपलीकडून श्रुतीचा आवाज आला, "गेलं, पप्पा!"

सर जागच्या जागी थबकले. आक्का, कुणाचा फोन हाय, असं त्यांनी हळूच विचारलं.

"कुणाचा न्हाय. टूं वाजतंय का बघतो," आक्का म्हणाल्या. "हल्ली सारखं उचलून बघतो की. टूं नसलं तर पोराचा फोन माघारी जाईल."

सर स्टूल घेऊन परतले. त्यावर चढून त्यांनी भिंतीच्या भोकातून पलीकडे जाणारी ती तार पकडीच्या तोंडात धरली. एक दाब, की श्रुती राहणार होती. आक्कांनी विचारलं असतं तर तार उंदरानं कुरतडली म्हणून सांगता आलं असतं. पण त्यांचा हात दाबेना. सोमवारपासून आपणही असेच सारखा फोन बघत बसणार, हे त्यांना त्या स्टुलावर लख्ख दिसलं आणि आक्कांची फार माया आली.

पकड बाजूला ठेवून त्यांनी ती तार नीट न्याहाळली, आणि कपाळावर हात मारून घेतला. इंटरनेटच्या लाइनीला स्प्लिटर नावाची छोटी डबी लागते. खांबावरची तार त्या डबीत शिरते, तिथून एक वाट मोडेमला जाते आणि दुसरी फोनला. फोन कितीही जोडा, पण या दुसऱ्या वाटेवर. इंटरनेट आलं तेव्हा ही डबी सरांनीच बसवली होती. स्वतःचा फोन त्यांनी बरोबर जोडला, आणि आक्कांची तार मात्र डबीच्या आधीच, जुन्या जागी पिळलेली राहिली. आक्का घरातल्याच, त्यांचा फोन वेगळा मोजायचा असतो हे सरांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी आक्कांची तार सोडवून डबीच्या फोनच्या वाटेवर घेतली. मग शेजारी जाऊन आक्कांना रिसीव्हर उचलायला लावला. उचला, ठेवा, पुन्हा उचला. भिंतीपलीकडे श्रुतीचं इंग्रजी अखंड चालू राहिलं.

"टूं हाय," आक्का वैतागून म्हणाल्या. "किती येळा उचलायला लावतायसा, मास्तर?"

सर नुसते हसत होते.

दिवस मावळायच्या सुमारास श्रुती खोलीतून बाहेर आली. त्यानंतर दिवसभरात एकही मीटिंग तुटली नव्हती, आणि लाइन नीट झाली असेल तर कोल्हापुरातच राहा, असं साहेबानं कबूल केलं होतं. सर जमिनीवरचे तारांचे तुकडे गोळा करत होते. मोबाईल हातात धरून ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तिकीट रद्द करू? का मी गेलेलीच बरी तुम्हाला?"

सरांनी तुकडे खाली ठेवले. 

"रद्द कर," ते म्हणाले. "तू न्हाईस तर मला करमत न्हाय, पोरी."

श्रुतीनं बापाच्या तोंडून असलं वाक्य आजवर ऐकलं नव्हतं. ती त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली आणि तिनं तिकीट रद्द केलं.