वरचं बटण

माझ्या मामाला सगळं गाव हनुवटीकाका म्हणतं, आणि ते त्याला माहीत आहे. चौकात, पोस्टाच्या समोर त्याचा फोटो स्टुडिओ. तिथल्या गोल स्टुलावर बसून ज्याने "हनुवटी जरा वर, थोडं डावीकडे, आता श्वास धरा" हे ऐकलं नाही असा माणूस गावात शोधून सापडणार नाही. फोटो ओळखपत्राचा असो की लग्नाचा, समोरच्याची हनुवटी उचलल्याशिवाय मामाने कॅमेऱ्याचा खटका दाबला असं कधी झालं नाही. त्यामुळे आमच्या गावातली सगळी माणसं फोटोत एकमेकांची चुलत भावंडं दिसतात, जरा गर्विष्ठ घराण्यातली.

या माणसाला हात आवरत नाही. दुसऱ्याच्या घरी गेला की आधी भिंतीवरच्या चौकटी सरळ करतो, मग बसतो. स्वतःच्या लग्नात हा नवरदेव मामीला सोडून मध्येच कॅमेऱ्यामागे गेला आणि पाहुण्यांची रांग नीट लावून परत आला. तेवढा वेळ मामी एकटी उभी. त्या फोटोतला तिचा चेहरा तिने अजून सोडलेला नाही, असं मामा म्हणतो, अर्थात ती घरात नसताना.

आता स्टुडिओ मी चालवते. मामा रोज येतो, माझ्या मागे उभा राहतो आणि माझी गिऱ्हाइकं सरळ करतो. मी चिडते, त्याच्यावर ढिम्म परिणाम होत नाही.

पण गावात त्याला मान आहे तो हनुवट्यांमुळे नाही. मामा तरुण होता तेव्हा काच कारखान्यातल्या कामगारांचा मोर्चा चौकात आला आणि पोस्टासमोर पोलिसांनी गोळीबार केला. सगळे जीव मुठीत धरून पळत होते तेव्हा मामा कॅमेरा घेऊन उलट्या दिशेने धावला. त्याचे दोन फोटो पेपरात आले आणि पुढे मोठे करून नगरपालिकेच्या सभागृहात लागले. एकात उलट्या पडलेल्या हातगाडीच्या आड दडलेली माणसं आहेत. दुसऱ्यात पोस्टाच्या पायरीवर एक तरुण पडलाय, डोळे मिटलेले, अंगाखाली काळा डाग. तो कारखान्यात भट्टीवर काम करायचा.

सरकारी अहवाल म्हणतो की गोळ्या हवेत झाडल्या आणि तो तरुण चेंगराचेंगरीत गेला. प्रेत पोलिसांनी परस्पर जाळलं, घरच्यांना दाखवलंही नाही. गावाने अहवालाला कधी भीक घातली नाही, कारण गावाकडे फोटो होता. त्या तरुणाची मोठी बहीण आमच्या गल्लीच्या टोकाला शिवणकाम करते. तिला सगळे आक्का म्हणतात. दरवर्षी त्या दिवशी सभागृहात चार माणसं जमतात, आक्का पहिल्या रांगेत बसते आणि मामा भाषण करतो. भाषण ठरलेलं. "मी फक्त डोळा होतो. मी कशालाही हात लावला नाही. जसं होतं तसं टिपलं." या वाक्याला मागच्या रांगेत मामीला हमखास खोकला येतो.

यंदा नगरपालिकेच्या संग्रहालयावर एक नवी बाई आली. तरुण, शांत, बोलायला गोड, आणि मला सर्वांत जास्त राग याचा आला की ती हुशार होती. गोळीबारावर एक अख्खी खोली करायची, प्रत्येक फोटोखाली माहितीची पाटी लावायची, असं तिच्या मनात होतं. एक दिवस ती दोन्ही फोटो घेऊन स्टुडिओत आली आणि काउंटरवर मांडून उभी राहिली.

"काका, गोळ्या चालू असताना ही माणसं कॅमेऱ्याकडे का बघतायत?"

"मग कुठे बघणार?" मामा म्हणाला.

"गोळ्या जिकडून येतात तिकडे. आणि सगळ्यांच्या हनुवट्या वर आहेत."

मी तोंड भिंतीकडे फिरवलं. इतकी वर्षं तो फोटो बघत होते, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. हातगाडीच्या आडची ती घाबरलेली माणसं खरोखरच एखाद्या शाळेच्या वार्षिक फोटोसारखी दिसत होती.

तिने दुसरा फोटो पुढे सरकवला. "याची टोपी सरळ आहे. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. हात छातीवर नीट ठेवलेले. पळता पळता पडलेला माणूस असा पडत नाही, काका. आणि जखम कुठेच दिसत नाही. तुम्ही हा फोटो मांडून काढलाय का?"

मामाचा चेहरा लालबुंद झाला. "मी काढलेला फोटो मलाच शिकवायला आलात? निघा."

ती निघाली. दारात थांबून हळूच म्हणाली, "तुम्ही काही सांगितलं नाहीत तर मला 'मांडून काढलेला असावा' असं लिहावं लागेल. मग अहवालच तेवढा उरतो. मला ते लिहायचं नाहीये हो."

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. चौकातला बेकरीवाला तर हातातलं काम टाकून संग्रहालयात गेला, कारण तो त्या हातगाडीच्या आड होता. "अहो बाई," तो म्हणाला, "मी डोकं जमिनीला टेकवून पडलो होतो. तेवढ्यात हनुवटीकाकांनी कॅमेरा वर केला आणि मान आपोआप वर आली. लहानपणापासूनची सवय. खरं सांगतो, मी श्वाससुद्धा धरला होता." बाईने ते हसत हसत लिहून घेतलं. पहिल्या फोटोचा प्रश्न मिटला.

दुसऱ्याचा मिटेना. पायरीवर त्या वेळी मामाशिवाय कोणीच नव्हतं. आणि मामा मूग गिळून बसला होता. त्याने स्टुडिओतल्या सगळ्या चौकटी उतरवल्या, पुसल्या आणि पुन्हा लावल्या. मामी म्हणाली, "हात लावला नाही म्हणे. मी पाणी पीत असते तेव्हा माझ्या हातातला पेला सरळ करतो हा माणूस." एरवी मी हसले असते. त्या दिवशी मला भीती वाटली. मामा खोटं बोलला असेल तर? त्याच्या त्या भाषणावर मी लहानपणी टाळ्या वाजवल्या आहेत.

संध्याकाळी आक्का आली, गळ्यात मोजपट्टी तशीच. बसली नाही.

"त्या बाईंना मी उद्या इथे बोलावलंय," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकू दे त्यांना. माझा भाऊ लोकांच्या पायाखाली येऊन मेला असं भिंतीवर लिहिलेलं मला बघायचं नाही."

"सांगतो," मामा म्हणाला. तिच्याकडे न बघता काउंटरवरची कात्री त्याने काठाला समांतर लावली.

दुसऱ्या दिवशी बाई आली. आक्का भिंतीशी बाकावर बसली होती, मामी आतल्या दारात उभी होती आणि मी उगीचच कॅमेरा पुसत होते. बसायला जागा उरली ती गोल स्टुलाचीच, तेव्हा बाई तिथे बसली. मामाने घसा साफ केला आणि मागे हात बांधून ठरलेलं भाषण सुरू केलं.

"हे बघा बाई, मी फक्त डोळा होतो." त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथेच अडकली. "त्या दिवशी चौकात जे घडलं ते... हनुवटी जरा वर घ्या. ते मी जसंच्या तसं टिपलं. मी कशालाही... थोडं डावीकडे. हां. कशालाही हात लावला नाही. ते वरचं बटण लावून घ्या, बरं दिसेल."

बाईने निमूटपणे बटण लावलं. हनुवटी वर, मान डावीकडे, आणि माझी खात्री आहे की तिने श्वासही धरला होता. मामी फस्सकन हसली. मग मीही हसले, बाईलाही हसू आवरेना.

मामा हसला नाही. तो पुढे आलेल्या स्वतःच्या हाताकडे बघत होता. मग तो आक्काकडे वळला.

"मी लावलं," तो म्हणाला.

"काय लावलं?" आक्काने विचारलं.

"त्याचं बटण. मीच लावलं."

आमचं हसू जागच्या जागी विरलं. मामा काउंटरला टेकून बोलत राहिला, खाली बघत. धावता धावता त्याने लांबूनच एक फोटो घेतला होता. मग जवळ गेला तेव्हा त्याला कळलं की पडलेला कोण आहे. कारखान्याच्या ओळखपत्राचा फोटो काढायला हाच पोरगा याच स्टुलावर बसून गेला होता.

"गेलेला होता तो. नाडी बघितली मी. तोंड उघडं, टोपी कुठेतरी गडगडत गेलेली, छातीवर गोळीचं भोक. मला वाटलं, हा फोटो पेपरात येणार आणि आक्का बघणार. ओळखीचं पोर, त्याचा असा फोटो कसा काढू? डोळे मिटले, तोंड मिटलं. टोपी घातली. बटण लावलं. त्याचे हात उचलून त्या भोकावर ठेवले. मग काढला."

बाई अगदी हळू म्हणाली, "आणि काका, तो लांबून घेतलेला पहिला?"

"तो कुणाला दाखवण्यासारखा नाही. धावत होतो मी. सगळ्या पायऱ्या तिरक्या आल्यात."

मी कपाळावर हात मारून घेतला. गोळी लागली याचा गावाकडे एकच पुरावा होता. तो या माणसाने आधी मायेपोटी मेलेल्याच्याच हातांनी झाकला आणि मग पायऱ्या तिरक्या आल्या म्हणून डब्यात बंद केला. मला त्याचा इतका राग आला आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

आक्काचं मात्र भोकाकडे लक्षच नव्हतं.

"म्हणजे बटण त्याने लावलं नव्हतं?"

"नाही."

"तुम्ही गेलात तेव्हा उघडं होतं? नक्की?"

"उघडंच होतं आक्का. माफ कर."

आक्काने मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तो शर्ट मी शिवलेला," ती म्हणाली. "कापड कमी पडलं आणि गळा आवळ झाला. तो वरचं बटण कधी लावायचाच नाही. म्हणायचा, आक्का, हा शर्ट नाही, गळफास शिवलायस. त्या दिवशी सकाळी मी त्याच्या मागे ओरडले. चार लोकांत जातोयस, बटण लावून जा म्हटलं. तो तसाच गेला. नंतर पेपरात फोटो बघितला तर बटण लावलेलं."

आक्काने बोटावरची मोजपट्टी सोडवली.

"मला वाटलं, वाटेत लावलं असेल. माझा शब्द राखायला. आणि मग पळताना त्याच गळ्याने त्याचा जीव घुसमटला असेल, म्हणून तो मागे पडला आणि गोळीने गाठला असेल. सभागृहात दरवर्षी पहिल्या रांगेत बसवता ना मला? मी त्याचं तोंड कधी बघितलंच नाही. ते बटण तेवढं बघत आले."

मामी पुढे येऊन तिच्या शेजारी बसली. आक्काने डोळे पुसले आणि आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं, पण ती हसायला लागली.

"गाढव कुठला," ती म्हणाली. "शेवटपर्यंत ऐकलं नाही माझं."

निगेटिव्ह कुठे आहे हे मामाला शोधावं लागलं नाही. तो सरळ आत गेला आणि बिस्किटांचा जुना डबा घेऊन आला. त्यावरून फोटो मी मोठा करून छापला. खरोखरच वाईट होता. पायऱ्या उतरणीला लागलेल्या, एका कोपऱ्यात मामाचंच बोट, सगळं किंचित हललेलं. पण छातीवरचं भोक स्पष्ट होतं, ते बघायला चष्मा लागत नव्हता.

बाईने पायरीवरचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावायचं ठरवलं. तिरक्या फोटोखाली 'गोळी लागून मृत्यू' असं लिहिलं. दुसऱ्याखाली 'छायाचित्रकाराने मांडलेला' असे शब्द आले. त्या शब्दांवर मामाने दोन दिवस तोंड पाडलं. मग स्वतःच जाऊन तिला म्हणाला की अक्षर जरा मोठं करा, मागच्या माणसाला वाचता येत नाही. या वर्षी त्याने भाषण केलं नाही, त्यामुळे मामीला खोकला आला नाही.

खोली उघडली त्या दिवशी आम्ही आक्काला घेऊन गेलो. चौकट अगदी सरळ लावलेली होती, त्यामुळे आतल्या पायऱ्या जास्तच तिरक्या दिसत होत्या. माझं लक्ष मामाकडे होतं. त्याने ते एकदा बघितलं, नजर फिरवली, पुन्हा बघितलं. शेवटी हात वर गेलाच. चौकट थोडी कलती केली की पायऱ्या सरळ होणार होत्या.

"राहू द्या," आक्का म्हणाली.

मामाने हात खिशात घातला. तो पुन्हा बाहेर आला तेव्हा मामीने पकडून ठेवला.

आक्का फोटोच्या अगदी जवळ गेली. उघडा गळा तिने बघितला आणि मग पहिल्यांदाच नजर वर नेली, भावाच्या तोंडाकडे. ते उघडं होतं, मामाने सांगितलं होतं तसंच. बराच वेळ ती बघत राहिली.

"काहीतरी उलट उत्तर देत असणार मला," ती म्हणाली.