चारची वेळ

कैरोतल्या पंख्यांच्या कारखान्यात वर्षभर चांगलं काम करणाऱ्यांना मालक तीन दिवस समुद्रावर पाठवायचे. ती सहल बावीस वर्षं इन्शिराह मॅडमच आखत आल्या. कोणाचं कोणाशी वाकडं आहे, कोणाला बस लागते, सगळं त्यांना तोंडपाठ. बस चौकातून सकाळी सहाला सुटायची, पण खरी वेळ त्या कुणालाच सांगत नसत. बाकीच्यांना साडेपाच, रेंगाळणाऱ्यांना पाच आणि गोदामातल्या शहाताला चार. शहाता कामाला वाघ, त्यामुळे यादीत दरवर्षी असायचाच. पण यायचा सहाच्या ठोक्याला, डोळे चोळत.

"तुझ्यासाठी सूर्याला थांबवून ठेवू का रे मेल्या?" असं खेकसत मॅडम त्याला आत ढकलायच्या आणि मग स्वतः ड्रायव्हरशेजारच्या घडीच्या खुर्चीवर टेकायच्या. खिडकीची जागा त्यांनी स्वतःला कधी दिलीच नाही.

यंदा निवृत्तीआधीची शेवटची सहल. नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी म्हणून त्या सव्वापाचला चौकात पोचल्या, तर बस गच्च भरलेली. घडीच्या खुर्चीवर कुणीतरी भरल्या वांग्यांचं पातेलं ठेवलेलं. रिकामी जागा एकच, पहिल्या खिडकीची.

दारात चहाचा पेला घेऊन शहाता उभा होता.

"काय हे मॅडम! अख्खी बस खोळंबलीय तुमच्यासाठी."

"तू... तू कधी आलास?"

"चारला," शहाता म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं ना?"