दोनशे बहात्तर अंशांवरचा उजेड

मूर्तिजापूरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात देवमनला नावाने कुणी हाक मारत नाही. तो फौजी. वीस वर्षं तोफखान्यात होता, हवालदार होऊन परतला. लांबचं पाहून तोफांना दिशा सांगायची, हे त्याचं काम. त्या नजरेचं गावाला भारी कौतुक, आणि त्यालाही ते कौतुक गोड लागायचं. म्हणून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी त्याने कुणाला कळू दिलं नाही. बायकोलाही नाही, असं आपलं त्याला वाटत होतं.

दसऱ्यापासून तो उन्हं कलायच्या आत तुरीच्या जागलीला जायचा, तो दुसऱ्या दिवशी बरंच उजाडल्यावर परतायचा. मचाणावरून त्याला रोज दिवेलागणीला पश्चिमेकडे तीन दिवे वर चढताना दिसू लागले. भोवती रंगीत कडी. वर जाऊन तिथेच डुलत राहायचे. बहाद्दराने जुनं होकायंत्र डोळ्याला भिडवून आठ दिवस वहीत नोंदी केल्या आणि जुन्या पलटणीला फोन लावला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण संशय कुणावर, असं विचारताच त्याने धर्मपालचं नाव सांगितलं. गावात फवारणीचा ड्रोन त्या एकट्याकडेच. ऐन फुलोऱ्यात, फवारणीच्या दिवसांत, धर्मपाल चौकशीसाठी ठाण्यात जाऊन पडला.

नागपूरहून लष्कराचे साहेब आले. वही वाचून त्यांनी शाबासकी दिली. मग नकाशावर मचाणापासून दोनशे बहात्तर अंशांची रेघ ओढली आणि देवमनला घेऊन त्या रेघेने चालू लागले. रेघ नाला ओलांडून, धर्मपालचं घर डावीकडे टाकून, थेट देवमनच्याच अंगणात शिरली. दिवेलागण झाली होती. त्याची बायको सुभद्रा दोरी ओढून उंच बांबूवर आकाशदिवा चढवत होती. दिवा एकच होता; देवमनला अजूनही तीन दिसत होते.

"बाई, हा दिवा कधीपासून लावता?" साहेबांनी विचारलं.

"कोजागिरीपासून, सायेब. यायच्या डोयासाठी नवस बोलली होती मी. यायले दिसत नाही, अन् सांगतबी नाही."

आळीतली माणसं गोळा झाली होती. कुणी हसलं असतं तर देवमनला सुटल्यासारखं झालं असतं. कुणी हसलं नाही. "दिशा मात्र अचूक होती, हवालदार," साहेब हळूच म्हणाले. अहवालात त्यांनी 'घरगुती आकाशदिवा' असं लिहिलं. त्याखाली सही करताना देवमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धर्मपाल रात्रीच सुटून घरी आला होता. सकाळी देवमन त्याच्याकडे गेला. सुभद्रा सोबत येते म्हणाली, त्याने नको म्हटलं. धर्मपाल ओसरीतच उभा होता. देवमनने हात जोडले.

"चुकलो रे बापू. दिसत नाही म्हणायले लाज वाटे मले. तुयं नाव घ्यायले नाही वाटली."

धर्मपाल हू की चू करेना. देवमन मान खाली घालून तसाच उभा राहिला.

"काका," मागून, अंगणाच्या फाटकातून, धर्मपालचा आवाज आला, "तो माया फवारणीचा कोट आहे खुंटीवर. मी इकडे आहो."