ढोलीकडं पाय

आमच्या घरात धानाला पाय दाखवायचे नाहीत, हे मी लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूनं मला सांगितलं. जेवायला वाढायच्या आधी सांगितलं, यावरून काय ते समजा.

तिरोड्याच्या पलीकडं आमचं गाव. पुरुष ओसरीत झोपायचे, आम्ही दोघी सासू-सुना आतल्या खोलीत. खोली लांबट होती, पण उत्तरेच्या टोकाला धानाची ढोली. बांबूची, शेणानं लिपलेली, माझ्या डोक्याहून उंच. ढोलीकडं पाय करावेत तर लक्ष्मीला लाथ. उलटं, ढोलीकडं डोकं करावं तर पाय दक्षिणेला, आणि तसं मढं निजवतात. मग उरलं काय? आडवं पडणं. आडवी खोली होती जेमतेम तीन हात. या भिंतीला डोकं टेकलं की त्या भिंतीला गुडघे लागत. ओसरीत-अंगणात निजायची सोय पुरुषांना, सुनेला नाही. मी वर्षानुवर्षं पोटाशी पाय घेऊन झोपले.

दुसऱ्या लेकरानंतरच्या रोवणीत माझी कंबर गेली. दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून धानाचे परे लावायचे, आणि घरी येऊन पुन्हा वाकूनच पडायचं. माणसाला सरळ व्हायला घटकाभरही मिळाली नाही तर कंबर तरी काय करेल बिचारी? सकाळी मी भिंत धरून उठायची. सासू बघत राहायची. एक दिवस म्हणाली, "यंदा रोवणीत बसली तं तुले माहेरी धाडून देईन. घरात कामाचं माणूस पायजे, झोपाचं नाई."

माहेरी बाप कधीच वारला होता, भावाचं घर भावजयीचं झालं होतं. आणि मला धाडलं असतं तरी लेकरं या घरचीच, ती इथंच राहिली असती. राग असा यायचा, की तोंडातला घास कडू व्हायचा. गिळायचा आणि उठायचं.

गोंदियाला साहेबाचा दवाखाना होता म्हणे. सुनेच्या कंबरेसाठी बैलगाडी कोण जुंपतो? लेकराला बघायला सुईण आली होती, तिनंच माझी पाठ चाचपली. "उताणी झोप, पाय लांब कर, गुडघ्याखाली धानाच्या तणसाची गुंडाळी ठेव. रोवणीच्या आत मोकळी होते." औषध फुकटचं होतं, जागा तेवढी नव्हती.

मोहफुलांचे दिवस होते. सासू पहाटेच रानात वेचायला जायची, उन्हं चढल्यावर परतायची. मी दार लोटलं, गुडघ्याखाली तणस घेतलं आणि ढोलीकडं पाय करून पडले. अगं बाई, काय सुख ते! पाठीचा एकेक मणका जमिनीला टेकत गेला आणि मला रडूच आलं. आठ-दहा दिवस असं चाललं. भिंत न धरता उठायला लागले होते मी.

मग एकदा ती लवकर परतली. टोपली डोक्यावर तशीच, दारात उभी. मला वाटलं, झालं, सुटलं घर. ती ओरडली नाही. माझ्या पायांकडं बघत राहिली, बघत राहिली, आणि म्हणाली, "मले पाय नोहते काय?"

एवढंच बोलली. मग ढोलीपुढं दिवा लावायला लावला, नाक घासायला लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मोह वेचायला मला पाठवलं. तेही वाकूनच. त्या वर्षी कंबरेला फडकं आवळून मी रोवणी काढली. पुढच्याही सगळ्या काढल्या. घर राहिलं, लेकरं राहिली.

बऱ्याच वर्षांनी सासू गेली. रीतीप्रमाणं दक्षिणेकडं पाय करून तिला त्याच खोलीत निजवलं, तर गुडघे सरळ होईनात. दोन बाया एकेका गुडघ्यावर भार देऊन बसल्या, तेव्हा कुठं ती त्या खोलीत पहिल्यांदा लांब झाली. जन्मभर तिचा राग केला मी, पण तेव्हा माझा हुंदका आवरेना.

तेरावं झाल्यावर नवरा म्हणाला, "आता कोण रोकते तुले? झोप, जशी झोपाची तशी."

दुपारी दार लोटलं. ढोलीकडं पाय केले, हळूहळू लांब करत गेले. अर्ध्यावर अडकले. हातांनी दाबले, सोडले की पुन्हा वर. माझ्या गुडघ्यांवर बसायला त्या दोन बाया यायला अजून वेळ होता.